कॅम्परचा डॅशबोर्ड एसी: गॅस भरूनही पुन्हा कोमट हवा का येते

कोकणात कॅम्पर, म्हणजे आत राहण्या-झोपण्याची सोय असलेली गाडी, चालवणाऱ्यांची तक्रार बहुतेक वेळा अशीच असते. मार्चमध्ये गॅस भरला, दापोलीपर्यंत थंडगार हवा मिळाली, मे उजाडला आणि डॅशबोर्डच्या जाळीतून पुन्हा कोमट वारा. वाटेतल्या गॅरेजात गाडी लावली की उत्तर तयार असतं, "तुमी काय काळजी करू नकात, गॅस भरून देतंय." काही आठवडे बरे जातात. गणपतीला गावी निघताना पुन्हा तेच.

डिझेल जळून संपतं, एसीचा गॅस तसा संपत नाही. गॅस दाबणारा कॉम्प्रेसर, त्याची उष्णता बाहेर टाकणारा कंडेन्सर, ओलावा शोषणारा ड्रायर, बारीक भोकातून गॅस सोडणारा एक्स्पान्शन व्हॉल्व्ह आणि डॅशबोर्डमागची कूलिंग कॉइल या बंद फेऱ्यात तोच गॅस वर्षानुवर्षं फिरतो. रबरी होजमधून आणि जोडांतून थोडा झिरपतो हे खरं, पण त्याला वर्षं लागतात. एका हंगामात थंडी गेली तर एक तर गळती आहे, नाही तर गॅस पुरेसा आहे आणि बिघाड दुसरीकडेच आहे. दुसऱ्या प्रकारात वरून आणखी गॅस ढकलला तर हाय साइडचा, म्हणजे कॉम्प्रेसरपुढच्या कंडेन्सरकडच्या बाजूचा, दाब वाढतो आणि एसी आधीपेक्षा लवकर बंद पडू लागतो. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे: दाब मोजायचे गेज लावण्याआधी थंडी नेमकी केव्हा जाते ते टिपून ठेवा. गाडी उभी राहिली की जाते? घाट चढताना? तासाभराने? की आठवड्यागणिक थोडी थोडी? त्या वेळेवरूनच बिघाडाची जागा कळते. न पाहता गॅस भरला की ही खूण पुसली जाते आणि पुढच्या मिस्त्रीला काहीच सांगता येत नाही.

आपण बोलतोय तो डॅशबोर्डचा, इंजिनच्या बेल्टवर चालणारा एसी. फोर्स ट्रॅव्हलर, टाटा विंगर अशा गाड्यांवर आपल्याकडे कॅम्पर बांधून घेतात. त्यात राहण्याच्या भागासाठी वेगळा २३० व्होल्टचा एसी असतो, तो बाहेरची वीज, जनरेटर किंवा इन्व्हर्टरवर चालतो. दोघांचा गॅसचा फेरा वेगळा, वायरिंग वेगळं, आणि बहुतेकदा दुरुस्त करणारा माणूसही वेगळा. फोनवर तक्रार सांगताना हा फरक पहिल्यांदा सांगा.

पुढचा प्रश्न, एसी खरंच बिघडलाय का? केबिनपुरत्या एसीकडून मागच्या पलंगापर्यंत थंडी पोचावी ही अपेक्षा किनाऱ्यावर पुरी होत नाही. इथल्या हवेत पाणीच इतकं असतं की एसीची बरीच ताकद ते गाळण्यात जाते. तासाला एक लिटर पाणी गाडीखाली ठिबकत असेल, तर जवळपास ०.७ किलोवॅट कूलिंग त्या पाण्यातच खर्च झालं असं समजा. म्हणून चालकाच्या सीटमागे जाड पडदा लावा, काचा घट्ट बंद करा आणि रिसर्क्युलेशनचं बटण दाबा. बाहेरची हवा आत घेत राहिलात तर समुद्राची दमट हवा अखंड वाळवत बसावी लागते. एवढं करून गाडी चालत असताना मधल्या जाळीत साधा थर्मामीटर धरा. ८ ते १२ अंश दिसले तर एसी त्याचं काम करतो आहे.

आता थंडी जाण्याच्या वेळा एकेक घेऊ.

गाडी चालत असताना थंड, उभी राहिली की गरम. हे किनाऱ्यावरच्या रस्त्याला फार दिसतं, कारण दाभोळ–धोपावे, आगरदांडा–दिघी, जयगड–तवसाळ अशा फेरीबोटींच्या रांगेत इंजिन चालू ठेवून उभं राहावं लागतं. चालत्या गाडीत कंडेन्सरला समोरून वारा मिळतो, उभ्या गाडीत पंख्यावर सगळी भिस्त. खात्री करायची सोपी रीत आहे. गाडी उभी, एसी चालू, जाळीतून कोमट हवा येतेय, अशा वेळी पुढच्या ग्रिलमधून कंडेन्सरवर बाटलीभर साधं पाणी सोडा. मिनिटा-दोन मिनिटांत थंडी परतली तर गॅसला हात लावायची गरज नाही, कंडेन्सरची उष्णता बाहेर जात नाहीये एवढंच.

ती का जात नाही? पहिला संशय पंख्याच्या अर्थिंगवर घ्या. खाऱ्या हवेत अर्थिंगचा बोल्ट आणि रिलेच्या पिना हिरव्या-पांढऱ्या पडतात. पंखा फिरताना दिसतो, पण ओढ नसते. पंखा चालू असताना मल्टीमीटरची एक तार पंख्याच्या निगेटिव्हवर आणि दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हवर ठेवा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंग घासून नवीन करा आणि वर ग्रीस लावा. पंखा इंजिनवरचा, व्हिस्कस कपलिंगचा (गरम झाल्यावर पंख्याला घट्ट पकडणाऱ्या जोडाचा) असेल तर इंजिन चांगलं तापल्यावर बंद करा आणि पंखा हाताने फिरवून पाहा. गरम असताना तो जड लागला पाहिजे. भिरभिर फिरला तर कपलिंग गेलं.

दुसरं कारण तर अगदी आपल्या भागाचंच. गुहागर, दिवेआगर, रत्नागिरीचं भाट्ये इथे सावली म्हणून सगळे सुरूच्या बनात गाडी लावतात. सुरूच्या बारीक काड्या ग्रिलमधून आत शिरतात आणि कंडेन्सर व रेडिएटर यांच्यामधल्या फटीत बसतात. त्यावर वाळू, मीठ आणि किडे यांचा थर जमतो. समोरून पाहिलं तर कंडेन्सर स्वच्छ दिसतो, खरा कचरा मागच्या बाजूला असतो. वरची पट्टी सोडून दोन्हींच्या मध्ये टॉर्च मारल्याशिवाय तो कळत नाही. धुताना साधं गोडं पाणी, नळीचा हलका जोर आणि शक्यतो इंजिनच्या बाजूने बाहेरच्या दिशेने. सर्व्हिस सेंटरच्या प्रेशर गनने पाती वाकतात आणि आधीपेक्षा कमी वारा जातो. पुढे जादा दिवे, झेंडे, स्टेपनी काहीही लावू नका. लोखंडी बंपर गार्डवर तर केंद्र सरकारने २०१७ मध्येच कारवाई करायला सांगितलं आहे, आणि त्याची रुंद पट्टी नेमकी कंडेन्सरचाच वारा अडवते.

घाट चढताना थंडी जाते आणि सपाटीला परत येते, ही तक्रार कुंभार्ली, आंबा किंवा आंबोलीच्या चढाची. इथे लगेच घाबरू नये. पूर्ण अॅक्सिलरेटर दाबला किंवा इंजिन जास्त तापलं की अनेक गाड्यांत संगणकच काही काळ कॉम्प्रेसर बंद ठेवतो. मात्र तापमानाचा काटाही वर चढत असेल तर एसीवाल्याकडे नको, आधी रेडिएटरवाल्याकडे जा.

तासाभराने थंडी जाते आणि एसी थोडा वेळ बंद ठेवला की परत येते, हा प्रकार सगळ्यात जास्त चुकीचा ओळखला जातो. पावसाळ्यात तर हमखास. यात दोन अगदी वेगळे बिघाड एकसारखे भासतात. फरक ओळखायला फक्त जाळीपुढे हात धरायचा.

थंडी गेली तेव्हा हवेचा जोरही कमी झाला असेल, ब्लोअरचा आवाज तोच पण वारा मंद, तर कूलिंग कॉइलवर बर्फ धरलाय. गाडीच्या एसीत भरतात त्या आर-१३४ए गॅसचा लो साइडचा, म्हणजे कॉइलकडच्या बाजूचा, दाब २८ पीएसआयच्या खाली गेला की कॉइल शून्य अंशाच्या खाली जाते आणि इथल्या हवेतली वाफ तिच्यावर गोठत जाते. एसी बंद केल्यावर गाडीखाली पाण्याची धार लागली तर शंका उरत नाही. कारणं पाहायची ती अशी: कॉइलमध्ये खोचलेली थर्मोस्टॅटची तार निसटली आहे का, केबिन फिल्टर बुरशीने गच्च झालाय का, ब्लोअर सतत एकवर ठेवून सगळ्यात थंड सेटिंगवर चालवताय का. गॅस थोडा कमी असला तरी लो साइडचा दाब घसरून बर्फ धरतो. त्यामुळे आधीचं सगळं ठीक निघालं तर गळतीकडे वळा.

पण वारा जोरातच येतोय आणि फक्त थंडी गेली, तर फेऱ्याच्या आत ओलावा शिरलाय. एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक भोकाशी पाण्याचा थेंब गोठतो, गॅसची वाट अडते, लो साइडचा काटा खाली खाली जातो. बंद केलं की थेंब वितळतो आणि एसी पुन्हा शहाण्यासारखा चालतो. गॅरेजात पोचेपर्यंत सगळं ठीक, म्हणून मिस्त्री म्हणतो काहीच झालं नाही. यावर उपाय एकच आहे: गॅस मशीनने काढून घ्यायचा, ड्रायर बदलायचा, चांगला व्हॅक्यूम मारायचा (पंपाने आतली हवा ओढून घ्यायची), मग नवा गॅस. ड्रायर न बदलता केलेलं काम महिन्याभरात परत येतं.

याच ओघात ड्रेनच्या नळीचं सांगून टाकतो. डाव्या सीटच्या पायाशी मॅट भिजली असेल तर कॉइलचं पाणी बाहेर जात नाहीये. कोकणात याचं नेहमीचं कारण म्हणजे कुंभारमाशी. गाडी काही दिवस उभी राहिली की ती त्या नळीत मातीचं घर बांधते. खालून मऊ तार हळूच घालून माती काढा. हवेचा जोर मारू नका, आतला जोड सुटतो आणि मग डॅशबोर्ड खोलावा लागतो.

जाळीतून कोमट हवा, पण इंजिनकडून आत जाणारा जाड पाइप हाताला गार लागतोय आणि त्याला घाम फुटलाय, असं असेल तर गॅसची बाजू तंदुरुस्त आहे. आत हीटरची गरम हवा मिसळतेय. हीटरचा व्हॉल्व्ह किंवा गरम-थंड हवेची झडप अडकली असणार.

आता आठवड्यागणिक कमी होत जाणारी थंडी, म्हणजे गळती. किनाऱ्यावरच्या गाड्यांचा खरा शत्रू इथे आहे. देवबागसारख्या ठिकाणी एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी, रात्रभर खारा वारा गाडीच्या पोटाखालून वाहत असतो. एसीचे पाइप आणि कंडेन्सर अॅल्युमिनियमचे, त्यांना धरणाऱ्या पट्ट्या लोखंडाच्या. खारं पाणी दोघांच्या मध्ये बसलं की अॅल्युमिनियम खाल्लं जातं. नेमकी कुठे? पट्टीखाली लावलेल्या रबराच्या आत. रबर पाइपचं रक्षण करण्यासाठी असतं, पण तेच मिठाचं पाणी धरून ठेवतं. वरून पाइप चकचकीत, पट्टी सोडली की खाली पांढरी भुकटी आणि टाचणीएवढं भोक. बांधणाऱ्याने मागच्या भागासाठी जादा कूलिंग कॉइल दिली असेल तर चॅसिसखालून लांबच लांब पाइप जातात, आणि प्रत्येक पट्टी ही संशयाची जागा होते. त्या सगळ्या सोडून पाहिल्याच पाहिजेत. हे काम कंटाळवाणं आहे म्हणून कोणी करत नाही, आणि म्हणूनच दर हंगामाला गॅस भरावा लागतो.

इतर जागा ठरलेल्या आहेत. कंडेन्सरचे खालचे कोपरे, जिथे ओला चिखल साचतो. जोडांच्या ओ-रिंगा, म्हणजे रबरी कड्या. गॅस भरायच्या तोट्या, ज्यांची प्लास्टिकची टोपणं पहिल्याच सर्व्हिसला हरवतात. आणि कॉम्प्रेसरच्या दांड्याचं सील. गाडी जून ते सप्टेंबर शेडमध्ये उभी राहिली तर हे सील कोरडं पडून गळू लागतं. दर पंधरवड्याला इंजिन चालू करून दहा मिनिटं एसी फिरवला की ऑइल सीलपर्यंत पोचतं. एवढी तसदी जरूर घ्या.

गळती शोधताना आधी डोळे वापरा. गॅससोबत ऑइल बाहेर येतं आणि त्यावर धूळ चिकटते, त्यामुळे तेलकट काळा डाग हीच खूण. मग भांडी घासायच्या लिक्विडचा फेस लावा. बारीक गळतीला गॅसमध्ये रंग घालून निळ्या टॉर्चखाली पाहावं लागतं. फेरा पूर्ण रिकामा असेल तर कोरड्या नायट्रोजनने दाब देऊन पाहतात. ऑक्सिजन कधीही नाही, तेलाशी गाठ पडली तर स्फोट होतो. टायरच्या हवेचा कॉम्प्रेसरही नको, त्यातून पाणी आत जातं.

इथे गेजचा एक गैरसमज दूर करायला हवा. इंजिन बंद, गाडी थंड, बाहेर ३० अंश, अशा वेळी दोन्ही काटे सुमारे ९७ पीएसआयवर दिसतात आणि सांगितलं जातं की गॅस फुल आहे. हा दाब फक्त तापमानावर ठरतो. आत थोडासा जरी द्रवरूप गॅस शिल्लक असेल तरी काटा तेवढाच दाखवेल. काटा याहून बराच खाली असेल तर गॅस जवळजवळ गेलाय हे नक्की कळतं, पण ९७ दिसलं म्हणून गॅस पुरेसा आहे असं ठरत नाही. भरती वजनानेच होते. बॉनेटखालच्या स्टिकरवर ग्रॅममध्ये आकडा असतो. मागे जादा कॉइल बसवली असेल तर तो आकडा चालत नाही, बांधणाऱ्याकडून नवा आकडा लिहून घ्या.

आता कॉम्प्रेसरला बेल्टच्या फिरण्याशी जोडणाऱ्या क्लचचं थोडक्यात. सकाळी थंड, भर दुपारी बंद, आणि त्या वेळी कॉम्प्रेसरच्या तोंडावरची चकती फिरत नसेल, तर क्लचच्या वायरवर पूर्ण व्होल्टेज येतंय का मोजा. येत असूनही चकती ओढली जात नसेल तर झिजून फट वाढलीय. ती फट साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास हवी. व्होल्टेज मोजताना इंजिन चालू असेल तर बेल्टपासून हात आणि ओढणी, टॉवेल लांब ठेवा.

व्होल्टेजच येत नसेल तर बहुधा मधला प्रेशर स्विच कॉम्प्रेसरची वीज तोडतोय. त्याच्या दोन तारा एकत्र जोडून "डायरेक्ट" करून देणारे मिस्त्री मी पाहिले आहेत, आणि याचा मला मनापासून राग येतो. दाब भलता वाढला किंवा गॅस संपला तर कॉम्प्रेसर वाचवायला तो स्विच आहे. गॅस संपत आलेला असताना डायरेक्ट केलं तर गॅसबरोबर फिरणारं ऑइलही थांबतं, कॉम्प्रेसर कोरडा घासतो आणि त्याचा चुरा कंडेन्सरपर्यंत जातो. मग कॉम्प्रेसर, कंडेन्सर, ड्रायर सगळंच नवं घ्यावं लागतं.

दुरुस्ती झाल्यावरची शेवटची पायरी इथल्या हवेत सगळ्यात महत्त्वाची आहे. जुलैच्या पावसात पाइप खोलून दुपारभर उघडे ठेवले तर आतलं ऑइल हवेतला ओलावा पिऊन घेतं. उघड्या तोंडांना लगेच टोपणं लावायची, नव्या ड्रायरचं टोपण सगळ्यात शेवटी काढायचं. व्हॅक्यूम मारायचा तो आतलं पाणी उकळून काढण्यासाठी. ३० अंशांना पाणी उकळायला दाब पाऱ्याच्या सुमारे ३२ मिलिमीटरपर्यंत उतरावा लागतो, म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा दाब किती उतरला ते दाखवणाऱ्या गेजवर समुद्रसपाटीला पाऱ्याचे जवळपास २९ इंच दिसले पाहिजेत. आंबोली सुमारे ७०० मीटर उंच आहे, तिथे चांगला पंपही २७ इंचांच्या थोडा पुढे थांबेल आणि तो पंपाचा दोष नव्हे. पाऊण तास पंप चालू द्या, मग तोट्या बंद करून वीस मिनिटं काटा पाहत उभे राहा. काटा परत वर सरकला तर अजून गळती किंवा ओलावा आहे, गॅस भरू देऊ नका. "पाच मिनिटांत व्हॅक्यूम" ऐकलं तर गाडी तिथून काढलेली बरी.

सिलिंडर बघून घ्या. स्वस्त गॅसच्या नावाखाली भेसळ मिळते आणि ती जिवावर बेतू शकते. २०११ मध्ये रेफ्रिजरेटेड कंटेनरांच्या कॉम्प्रेसरचे स्फोट होऊन माणसं दगावली, तेव्हा आर-१३४ए म्हणून भरलेल्या गॅसमध्ये आर-४० (मिथाइल क्लोराइड) वायूची भेसळ निघाली होती. त्याची अॅल्युमिनियमशी प्रक्रिया होऊन हवेत आपोआप पेट घेणारं रसायन बनतं. जुना गॅस हवेत सोडूनही देऊ नका, तापमानवाढीत तो कार्बन डायऑक्साइडच्या १४३० पट भारी आहे. रिकव्हरी मशीन असलेलं गॅरेज चिपळूण, रत्नागिरी, कुडाळ अशा मोठ्या गावांत शोधा, थोडं लांब पडलं तरी.

आणि बिलावर तीन आकडे लिहून मागा: मशीनने किती ग्रॅम गॅस काढला, किती ग्रॅम भरला, किती मिलीलिटर ऑइल घातलं. पुढच्या वेळी फेरा खोलताना ६०० ग्रॅम भरलेल्यातले ५८० परत निघाले तर गळती नाही, पंखा आणि वायरिंग तपासा. ३५० निघाले तर आधी गाडी रॅम्पवर चढवा आणि चॅसिसखालच्या पट्ट्या सोडायला सुरुवात करा.